गिअरचा दांडा आणि विजेची तार

जुन्या बोरघाटाने खोपोलीहून खंडाळ्याकडे ज्यांनी मोटार हाकली आहे, त्यांच्या ध्यानात दोन गोष्टी हमखास राहिलेल्या असतात. पहिली म्हणजे चढ लागताच जड होणारा इंजिनाचा आवाज. चालक डाव्या पायाने क्लच दाबतो, डाव्या हाताने दुसरा गिअर टाकतो आणि दमलेली गाडी पुन्हा जोम धरते. दुसरी म्हणजे डोंगरावरून पायथ्याकडे उतरलेले लोखंडी नळ. लोणावळ्याच्या परिसरातील तलावांचे पाणी या नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली येते आणि खोपोलीच्या वीजगृहातील चक्रे फिरवते. १९१५ सालापासून हे चालू आहे.

एकाच घाटातील या दोन शक्ती. एक माणसाच्या हातात असलेली, तर दुसरी तारेवाटे दूर मुंबईला जाणारी. जवळजवळ शंभर वर्षे या दोहोंचा परस्परांशी फारसा संबंध नव्हता. वीज गेली म्हणून कोणाची मोटार अडली नाही आणि मोटार बिघडली म्हणून कोणाच्या घरात अंधार झाला नाही. आज मात्र सामान्य कुटुंबाला परवडणारी, हाताने गिअर बदलावयाची साधी मोटार हळूहळू मागे सरत आहे आणि तिच्या जागी विजेवर चालणारे वाहन पुढे येत आहे. अशा वेळी या दोन्ही कहाण्या एकत्र ठेवून वाचणे अगत्याचे ठरते. कारण ज्या भरवशावर आपण घराबाहेर पडतो, तो भरवसाच एका जागेवरून दुसऱ्या जागी जात आहे.

विजेचा पहिला डाव

विजेची मोटार ही आजची नवलाई आहे, असा आपला समज असतो. वस्तुस्थिती निराळी आहे. १९०० साली अमेरिकेत तयार झालेल्या मोटारींपैकी एक तृतीयांशाहून अधिक विजेवर चालणाऱ्या होत्या. उरलेल्यांत वाफेवरच्या मोटारी अधिक आणि पेट्रोलच्या सर्वांत कमी होत्या. विजेची मोटार आवाज करीत नसे, धूर ओकत नसे आणि तिला गिअर बदलण्याचा खटाटोपही नसे. पेट्रोलची मोटार चालू करावयाची तर पुढे उभे राहून लोखंडी हँडल जोराने फिरवावे लागे. ते उलटे फिरून मनगटे मोडल्याची उदाहरणे त्या काळी पुष्कळ होती.

मग विजेची मोटार मागे का पडली? पहिले कारण किंमत. १९०८ साली हेन्री फोर्ड यांचे ‘मॉडेल टी’ बाजारात आले आणि पुढील काही वर्षांत त्याची किंमत सारखी उतरत गेली. दुसरे कारण मोठे गमतीचे आहे. चार्ल्स केटरिंग यांनी तयार केलेला विजेचा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीत बसवला गेला, आणि हँडल मारण्याची कटकट संपली. विजेनेच विजेच्या मोटारीचा घास घेतला, असे म्हणावयास हरकत नाही. तिसरे कारण मात्र आपल्या विषयाच्या गाभ्याशी जाणारे आहे. शहराबाहेर वीजच नव्हती. १९३५ साली अमेरिकेत ग्रामीण विद्युतीकरणाची मोहीम सुरू झाली, तेव्हा तेथील शेतकरी कुटुंबांपैकी दहातल्या एकाच्याच घरी विजेचा दिवा होता. पेट्रोलचा डबा मात्र बैलगाडीतूनही गावोगाव पोहोचत असे. ज्याच्या दारापर्यंत तार पोहोचली नाही, त्याने तारेवर चालणारे वाहन घ्यावे तरी कसे? स्वस्त मोटार आणि भरवशाची वीज या दोन प्रश्नांची गाठ अशी पहिल्या दिवसापासूनच पडलेली होती.

आपल्याकडची मोटार

आपल्या देशात मोटार ही दीर्घकाळ श्रीमंतांची, डॉक्टरांची आणि सरकारी अधिकाऱ्यांची मिरास होती. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी स्थापन केली आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट मोटारी बाहेर पडू लागल्या. पश्चिम बंगालमधील उत्तरपाड्याहून १९५८ सालापासून अँबेसेडर येऊ लागली. १९६४ साली आलेली ‘फियाट ११००’ हीच मोटार पुढे १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने ओळखली जाऊ लागली. तिच्या गिअरचा दांडा स्टिअरिंगलगत असे, त्यामुळे पुढच्या बाकावर तिघे सहज मावत. परवाना पद्धतीमुळे उत्पादन मर्यादित होते आणि मोटारीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे.

या चित्रात बदल झाला तो १९८३ साली. १४ डिसेंबर १९८३ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते पहिल्या मारुती ८०० ची किल्ली दिल्लीच्या एका ग्राहकाला देण्यात आली. तीन सिलिंडरांचे ७९६ सीसीचे इंजिन, चार गिअर आणि पन्नास हजार रुपयांच्या घरातली किंमत. गाडी रस्त्यावर येण्यापूर्वीच एक लाखाहून अधिक लोकांनी पैसे भरून नाव नोंदवले होते. शिक्षक, बँकेतील कर्मचारी, छोटे दुकानदार, आखातात नोकरी करून परतलेले तरुण अशा मंडळींच्या दारात प्रथमच मोटार उभी राहिली. २०१४ च्या जानेवारीत तिचे उत्पादन थांबले तोवर पंचवीस लाखांहून अधिक मारुती ८०० तयार झाल्या होत्या.

या मोटारींचे खरे सामर्थ्य वेगात नव्हते, साधेपणात होते. आमच्या वाडीत शेजारच्या काकांची एक जुनी मोटार होती. पावसाळ्यात तिची बॅटरी वरचेवर मान टाकी. मग काका अंगणातून हाक घालीत आणि आम्ही चार-पाच पोरे चिखल तुडवीत मागे जमत असू. काका किल्ली फिरवून दुसरा गिअर टाकीत, क्लच दाबून धरीत आणि म्हणत, “चला रे, लावा धक्का!” गाडीने थोडा वेग घेतला की ते क्लच सोडीत. चाकांची गती गिअरमार्गे इंजिनापर्यंत पोहोचे, इंजिन खोकल्यासारखा आवाज करी आणि सुरू होई. रात्री-अपरात्री एखाद्या बाळंतिणीला रुग्णालयात न्यावयाचे असले, तरी हाच उपाय असे. बॅटरी मेलेली असतानाही ती मोटार चालू करण्याची किल्ली शेजाऱ्यांच्या मनगटात होती.

हे केवळ स्मरणरंजन नव्हे. हाताने गिअर बदलण्याच्या यंत्रणेचे तत्त्वच असे आहे की इंजिन आणि चाके यांच्यामध्ये चालकाचा हात व पाय असतात. यंत्र समजते, म्हणून ते दुरुस्तही करता येते. रस्त्याकडेच्या गॅरेजमधील मिस्त्री क्लचची प्लेट बदलून अर्ध्या दिवसात गाडी परत देई. घाट उतरताना ब्रेकवर सर्व भार न टाकता खालच्या गिअरमध्ये गाडी आवरता येई. कुटुंबाचा भरवसा कुटुंबाच्याच हातात होता.

परवडणाऱ्या मोटारीची माघार

सर्वसामान्यांच्या मोटारीचे स्वप्न आणखी खाली नेण्याचा एक प्रयत्न रतन टाटा यांनी केला. १० जानेवारी २००८ रोजी दिल्लीत ‘नॅनो’ जगापुढे आली. एक लाख रुपयांची मोटार! दुचाकीवर चौघांचे कुटुंब पावसात भिजत जाताना पाहून ही कल्पना सुचल्याचे त्यांनी सांगितले होते. कारखाना पश्चिम बंगालमधील सिंगूरहून गुजरातेतील साणंदला हलवावा लागला, काही गाड्यांना आग लागल्याच्या बातम्या आल्या आणि ‘सर्वांत स्वस्त’ हा शिक्काच ग्राहकांना नकोसा वाटू लागला. २०१८ च्या सुमारास नॅनोचे उत्पादन थांबले. गरिबांसाठी म्हणून केलेली वस्तू गरिबालाही मिरवावीशी वाटत नाही, हा धडा तिने मागे ठेवला.

त्यानंतरची माघार आवाज न करता झाली. २०१० च्या एप्रिलमध्ये मोठ्या शहरांत धुराचे कडक नियम आले आणि मारुती ८०० तेथून निघाली. २०१९ साली चालकापुढे हवेची उशी सक्तीची झाली. १ एप्रिल २०२० पासून ‘भारत सहा’ हे धुराचे मानक लागू झाले. यातील प्रत्येक नियम योग्यच होता. जुन्या मोटारींच्या धुराने मुलांची छाती भरत होती आणि अपघातात पुढे बसलेल्यांना कोणतेही संरक्षण नव्हते. परंतु प्रत्येक नियमाबरोबर किंमत वाढली, आणि ती सर्वांत जड गेली सर्वांत लहान मोटारीला. पंधरा लाखांच्या गाडीत पन्नास हजारांची भर लपून जाते, तीन लाखांच्या गाडीत ती लपत नाही. २०२३ साली अल्टो ८०० चाही निरोप झाला. २०१५-१६ या वर्षी पाच लाख रुपयांच्या आतील मोटारी नऊ लाखांहून अधिक विकल्या गेल्या होत्या. २०२४-२५ मध्ये हा आकडा पंचवीस हजारांच्या आसपास आला. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारींवरील वस्तू व सेवा कर अठ्ठावीस टक्क्यांवरून अठरा टक्के करण्यात आला, तेव्हा या वर्गाला थोडा श्वास मिळाला इतकेच.

दुसरीकडून गिअरचा दांडाही सुटू लागला. २०१४ साली सेलेरिओ या छोट्या मोटारीत थोड्या जादा पैशांत आपोआप गिअर बदलणारी यंत्रणा मिळू लागली. शहरातील कोंडीत दर दहा पावलांवर क्लच दाबून गुडघे दुखवण्यापेक्षा लोकांना ती बरी वाटली. वयस्कर माणसे, पायाने अधू असलेले, नव्याने गाडी शिकणारे यांना तिने मोकळीक दिली, हे नाकारता येणार नाही.

आणि मग आली विजेची मोटार. तिच्यात बदलावयाचे गिअरच नसतात, कारण विजेची मोटर थांबलेल्या स्थितीपासूनच पूर्ण ओढ देऊ शकते. बंगळूरची चिमुकली ‘रेवा’ २००१ सालीच रस्त्यावर आली होती, पण तिची झेप फार लांब नव्हती. लिथियमच्या बॅटऱ्यांनी हा प्रश्न पुष्कळसा सोडवला. किंमतीचा प्रश्न मात्र राहिला. २०२२ साली टियागो ही छोटी मोटार विजेवर आली तेव्हा तिची सुरुवातीची किंमत साडेआठ लाखांच्या घरात होती, तर तीच मोटार पेट्रोल व हाताच्या गिअरसह सुमारे तीन लाख रुपयांनी स्वस्त मिळत होती. चालवण्याचा खर्च कमी येतो, धूर होत नाही, हे सर्व खरे. परंतु या मोटारीची बॅटरी पूर्ण उतरली तर वाडीतील पोरांनी कितीही धक्का मारला तरी ती सुरू होत नाही. तिची ताकद येते तारेतून. म्हणून आता तारेचा इतिहास पाहावयास हवा.

तारेचा इतिहास

जमशेटजी टाटा यांनी सह्याद्रीच्या पावसातून मुंबईसाठी वीज काढण्याचे स्वप्न पाहिले. १९०४ साली त्यांचे निधन झाले, आणि ते स्वप्न त्यांच्या वारसांनी १९१५ साली खोपोलीत पुरे केले. १९२२ मध्ये भिवपुरी, १९२७ मध्ये भिरा अशी आणखी दोन जलविद्युत केंद्रे उभी राहिली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला ही देशातील पहिली विजेची आगगाडी धावली. पश्चिमेच्या मार्गावर विजेची गाडी १९२८ मध्ये बोरिवलीपर्यंत आणि १९३६ मध्ये विरारपर्यंत आली. वसईच्या शेतांमधून विजेवरची गाडी धावत होती, पण रुळांच्या दोन्ही अंगांना असलेल्या घरांत मात्र पुढे पुष्कळ वर्षे घासलेटचे दिवेच जळत होते. वीज अंगणावरून जाणे आणि वीज घरात येणे, यांत अंतर असते.

ते अंतर मिटवण्याचे काम १९६० साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य वीज मंडळाकडे आले. मंडळाने खेड्यापाड्यांत खांब रोवले. कोयनेची वीज १९६२ पासून मिळू लागली. सातारा जिल्ह्यात धरण आणि सह्याद्रीच्या पोटात, पोफळीला, जमिनीखाली वीजगृह. १९९९ साली जलाशयाच्या तळाला छिद्र पाडून पाणी घेण्याचे अवघड काम पार पडले आणि चौथ्या टप्प्यातून एक हजार मेगावॅटची भर पडली. जलविद्युत केंद्राचा मोठा गुण म्हणजे ते काही मिनिटांत सुरू होते. संध्याकाळी घरोघर दिवे लागतात, तेव्हा अचानक वाढलेली मागणी कोयना उचलून धरते. परंतु तिलाही मर्यादा आहेत. कृष्णा पाणी लवादाने पश्चिमेकडे वळवावयाच्या पाण्यावर मर्यादा घातली आहे. पाऊस कमी झाला तर वीज कमी होते. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झालेल्या भूकंपाने कोयनानगर उद्ध्वस्त केले. आणि ज्यांची गावे पाण्याखाली गेली, त्या कुटुंबांच्या पुनर्वसनाची रखडकथा पुढील पिढ्यांनाही भोगावी लागली. आपल्या दिव्याखाली त्यांचा अंधार आहे, याचा विसर पडू नये.

१९६९ साली तारापूरला देशातील पहिले अणुवीज केंद्र सुरू झाले. कोराडी, चंद्रपूर, नाशिक, भुसावळ येथे कोळशावरची केंद्रे उभी राहिली. अणुकेंद्र रात्रंदिवस एकसारखी वीज देते, पण हवी तशी ती चटकन कमी-जास्त करता येत नाही. कोळशाचे केंद्र खाणीवर आणि रेल्वेच्या वाघिणींवर अवलंबून असते. २०२१ च्या ऑक्टोबरात कोळशाचे साठे आटले, तेव्हा देशभर त्याची धास्ती घेतली गेली. सूर्य दुपारी भरभरून देतो आणि नेमक्या संध्याकाळच्या मागणीच्या वेळी मावळतो. वारा पावसाळ्यात उदार असतो, हिवाळ्यात कंजूष. तात्पर्य, कोणताही एक स्रोत पूर्ण भरवशाचा नाही. भरवसा तयार होतो तो अनेक स्रोतांच्या मेळातून.

या मेळात पैशाचा हिशेबही येतो, हे दाभोळने शिकवले. १९९३ च्या डिसेंबरात वीज मंडळाने एन्रॉनच्या दाभोळ कंपनीशी वीज खरेदीचा करार केला. १९९५ साली नव्या सरकारने तो रद्द केला आणि पुढे नव्या अटींवर पुन्हा केला. १९९९ मध्ये ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा सुरू झाला, परंतु ती वीज मंडळाला इतकी महाग पडू लागली की २००१ च्या मे महिन्यात खरेदीच बंद करावी लागली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात एन्रॉनने अमेरिकेत दिवाळखोरी जाहीर केली. यंत्रे नवी, इंधन चांगले, तंत्र उत्तम, आणि तरीही केंद्र बंद! जी वीज परवडत नाही ती वीज भरवशाचीही नसते, हे सत्य गुहागरच्या किनाऱ्यावर कोट्यवधी रुपये खर्चून सिद्ध झाले.

त्याचा फटका राज्याने पुढील दशकात सोसला. मागणी वाढत गेली आणि नवी केंद्रे वेळेवर उभी राहिली नाहीत. २००५ साली वीज मंडळाचे विभाजन होऊन निर्मिती, पारेषण व वितरण यांच्या वेगळ्या कंपन्या झाल्या. त्याच सुमारास ‘भारनियमन’ हा जड शब्द शाळकरी मुलांच्याही तोंडी बसला. ग्रामीण भागात दिवसाकाठी दहा-बारा तास वीज नसे. परीक्षेचा अभ्यास मेणबत्तीच्या उजेडात होई, पिठाची गिरणी वेळापत्रकाने चाले, शेतकरी मध्यरात्री उठून पंप सुरू करी. मुंबई शहर मात्र यातून बहुतांशी वाचले. तारेच्या सुरुवातीला बसलेल्याचा आणि तारेच्या शेवटी राहणाऱ्याचा भरवसा सारखा नसतो, ही गोष्ट त्या वर्षांनी ठसठशीतपणे दाखवून दिली.

समतोल सांभाळणारे हात

विजेचा एक स्वभाव आपण सहसा ध्यानात घेत नाही. तारेत वीज साठवून ठेवता येत नाही. ज्या क्षणी घरातील दिवा लागतो, त्याच क्षणी कोठेतरी तेवढी वीज निर्माण व्हावी लागते. या समतोलाचे माप म्हणजे सेकंदाला पन्नास आवर्तने. मागणी वाढली की हा आकडा उतरतो, निर्मिती वाढली की चढतो. भार प्रेषण केंद्रात बसलेले अभियंते डोळ्यांत तेल घालून तो सांभाळत असतात. कोठे कोयनेचा संच सुरू कर, कोठे औष्णिक केंद्राची निर्मिती कमी कर, असे त्यांचे अहोरात्र चालते. घाटात चालक जसा चढ पाहून गिअर बदलतो, तसेच हे काम. फरक एवढाच की या गाडीत सारा देश बसलेला आहे.

हा तोल गेला म्हणजे काय होते, ते ३० आणि ३१ जुलै २०१२ रोजी दिसले. पहिल्या दिवशी उत्तर भारताची वीज गेली. दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशी तीन जाळी कोसळली. ज्या राज्यांना झळ पोहोचली त्यांची लोकसंख्या साठ कोटींच्या वर होती. गाड्या रुळांवर थांबल्या, खाणींत कामगार अडकले. वीजनिर्मिती नव्हती असे नव्हे. एका भारावलेल्या वाहिनीवरचा बिघड साखळीसारखा पसरत गेला होता. पश्चिमेचे जाळे त्या वेळी तगले. २०१३ च्या अखेरच्या दिवशी रायचूर ते सोलापूर ही उच्च दाबाची वाहिनी जोडली गेली आणि दक्षिणेसह सारा देश एका लयीत चालू लागला. आता एकाची उणीव दुसरा भरून काढतो. मात्र एकाचे दुखणे दुसऱ्याला लागण्याची शक्यताही त्यातच आहे.

मुंबईने यासाठी १९८१ पासून एक उत्तम सोय करून ठेवली होती. बाहेरचे जाळे कोसळले तर शहर आपोआप तुटून वेगळे व्हावे आणि आपल्याच केंद्रांवर बेटासारखे चालत राहावे, अशी ती व्यवस्था. अनेक वर्षे तिने लाज राखली. परंतु १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास कळवा-पडघा परिसरातील वाहिन्यांवर बिघाड झाला आणि ती व्यवस्था कामी आली नाही. मुंबई, ठाणे, नवी मुंबई अंधारात गेली. लोकलगाड्या जागीच थांबल्या. करोनाच्या त्या दिवसांत रुग्णालयांना जनित्रांवर भिस्त ठेवावी लागली. शहराची गरज वाढत गेली होती, पण शहराच्या आतील निर्मिती व बाहेरून येणाऱ्या वाहिन्या त्या मानाने वाढल्या नव्हत्या. चाळीस वर्षांपूर्वीच्या शहाणपणावर विसंबून राहिलेल्यांना ते शहाणपण वेळोवेळी नवे करावे लागते, याचे भान राहिले नव्हते.

किनाऱ्यावरच्या आम्हा लोकांना हा धडा वाऱ्याने शिकवला. ३ जून २०२० च्या ‘निसर्ग’ वादळाने रायगडचे खांब आडवे केले. १७ मे २०२१ रोजी ‘तौक्ते’ आपल्या किनाऱ्याजवळून गेले. आमच्या वाडीत त्यानंतर काही दिवस वीज नव्हती. दिव्यावाचून निभावले, पण पाण्यावाचून? पूर्वी वसईच्या वाड्यांतील विहिरींवर रहाट असत. बैल वा रेडा फिरे आणि गाडग्यांतून पाणी पन्हळीत पडे. पुढे पंप आले, रहाट मोडीत निघाले, आणि ते योग्यच झाले. पण त्या दिवसांत विहीर काठोकाठ भरलेली असताना आम्ही बादलीला दोर बांधून पाणी शेंदत होतो, तेव्हा एक वृद्ध आजी म्हणाल्या, “पाणी आपलं, पण त्याची चावी दुसऱ्याकडे दिली!” मोटारीचेही उद्या हेच होणार आहे. जे विहिरीच्या बाबतीत घडून गेले, तेच आता दारातल्या गाडीच्या बाबतीत घडत आहे.

मग करावे काय?

यावर कोणी म्हणेल, तर मग जुनी पद्मिनीच बरी होती. तसे नाही. मुंबईतील पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांच्या वयोमर्यादेनुसार २०२३ च्या ऑक्टोबर अखेरीस रस्त्यावरून गेल्या, तेव्हा अनेकांचे डोळे ओलावले. परंतु त्यांचा धूर परत यावा असे कोणालाच वाटणार नाही. पेट्रोलही काही आपल्या विहिरीतून येत नाही. ते परदेशातून येते आणि त्याचा भाव परदेशात ठरतो. स्वावलंबन त्यातही अर्धेच होते. रहाटाकडे परत जाता येत नाही, तसे गिअरच्या दांड्याकडेही कायमचे परत जाता येणार नाही.

मात्र एक मागणे करणे आपल्या हाती आहे. भरवसा जर कुटुंबाच्या हातातून तारेकडे जाणार असेल, तर तारेने तो भरवसा पेलला पाहिजे, आणि तो प्रथम तारेच्या शेवटच्या टोकाला राहणाऱ्यासाठी पेलला पाहिजे. नव्या केंद्रांची भूमिपूजने गाजतात. जुने रोहित्र बदलणे, वाहिनीवर आलेल्या फांद्या पावसाळ्यापूर्वी छाटणे, किनारपट्टीवर तारा जमिनीखालून नेणे, वायरमनच्या रिक्त जागा भरणे, ही कामे गाजत नाहीत. विजेचा भरवसा मुख्यत्वे याच न गाजणाऱ्या कामांतून तयार होतो. नगर जिल्ह्यातील घाटघरला २००८ पासून पाणी पुन्हा वर चढवून साठवणारे केंद्र चालू आहे. जादा वीज असेल तेव्हा पाणी वर न्यावयाचे, गरज पडेल तेव्हा खाली सोडावयाचे. सूर्याची दुपारची वीज संध्याकाळी वापरावयाची तर अशी साठवण आणि मोठ्या बॅटऱ्या वाढवाव्या लागतील.

घरांनीही डोळसपणे वागावयास हवे. छपरावर सौर पट्ट्या बसवल्या म्हणजे वीज गेल्यावरही आपले दिवे चालू राहतील, असे पुष्कळांना वाटते. नेहमीची, जाळ्याला जोडलेली सौर यंत्रणा वीज जाताच स्वतःही बंद होते, कारण खांबावर चढलेल्या वायरमनला झटका बसू नये. अडचणीच्या वेळी वीज हवी असेल तर सोबत बॅटरीची व योग्य इन्व्हर्टरची सोय करावी लागते. खरेदीपूर्वी हे विचारून घेतलेले बरे. दोन-चार घरांनी, एखाद्या सोसायटीने वा संस्थेने मिळून अशी सोय केली, तर वादळाच्या दिवसांत निदान एक पंप, एक औषधांचा शीतकपाट आणि एका वाहनापुरती वीज तरी हाताशी राहील.

आणि किंमत? विजेचे वाहन श्रीमंतांची दुसरी मोटार म्हणून नव्हे, तर साध्या कुटुंबाची पहिली मोटार म्हणून कधी येईल, यावर या सर्व बदलाची परीक्षा होणार आहे. मारुती ८०० ने शिक्षकाच्या दारात जे नेऊन उभे केले, ते नव्या युगाने परत काढून घेतले, तर त्याला प्रगती म्हणणे कठीण जाईल. ज्याला ना स्वस्त मोटार मिळते ना भरवशाची वीज, त्याच्यासाठी निदान वेळेवर येणारी एसटी तरी हवी.

शेजारच्या काकांची मोटार आता नाही. काकाही नाहीत. त्यांच्या नातवाने अलीकडे विजेची मोटार घेतली आहे. अंगणातील आंब्याखाली ती रात्रभर तारेला जोडलेली असते. परवा वादळी पावसात वीज गेली, तेव्हा तो ओसरीत येऊन आकाशाकडे पाहत उभा राहिला. सकाळी त्याला आईला तपासणीसाठी मुंबईला न्यावयाचे होते. पहाटे तीनच्या सुमारास पलीकडच्या रस्त्यावर विजेरीचा उजेड हलताना दिसला. रेनकोट घातलेला एक वायरमन भर पावसात खांबावर चढत होता. थोड्या वेळाने वाडीतले दिवे लागले. पूर्वी धक्का मारणारे हात आमच्या ओळखीचे होते. आताचे हात अनोळखी आहेत, इतकेच. पण हात लागतातच.